सुरू उसातल्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड: घ्यावं का?

घ्यावं. सुरू म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेला ऊस, खोडकीड म्हणजे त्याचे कोवळे कोंब पोखरणारी अळी, आणि ट्रायकोकार्ड म्हणजे तिचा शत्रू कीटक शेतात सोडायचं कार्ड. गेल्या उन्हाळ्यापासून गावातले आणि कॉलेजमधले बरेच जण मला हेच विचारतायत, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. पण या उत्तराला काही अटी आहेत आणि त्या कार्डाच्या पाकिटावर छापलेल्या नसतात. त्या माहीत नसताना कार्ड लावलं तर माणूस दोन आठवड्यांत वैतागतो आणि फवारणीचा पंप पाठीला लावतो. मग कार्डही गेलं आणि पैसेही.

आमचा ऊस वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्या रानात. शेतीचं रोजचं सगळं माझे सासरे बघतात, त्यांना आम्ही मामा म्हणतो. मी ज्युनिअर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. सजीवांची संख्या कशी वाढते आणि कशानं थांबते, हा धडा दरवर्षी माझ्याकडे असतो. जे आकाराचा आलेख (न थांबता वाढत जाणारी संख्या), एस आकाराचा आलेख (वाढून एका पातळीला टेकणारी संख्या), फळ्यावर काढून काढून हात बसलाय. पण तो आलेख मला खऱ्या अर्थानं दिसला तो या कार्डामुळे, म्हणून हा अभिप्राय थोडा लांबणार आहे.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पोस्टकार्डापेक्षा लहान जाड कागद, त्यावर डिंकानं चिकटवलेली काळी बारीक अंडी, खसखशीसारखी. एका कार्डावर साधारण वीस हजार. कार्डावर रकाने आखलेले असतात, त्या रेघांवर कापून पट्ट्या करायच्या आणि उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. ही अंडी खोडकिडीची नाहीत. ती कॉर्सिरा नावाच्या, साठवणीतल्या धान्यावर वाढणाऱ्या पतंगाची आहेत, आणि प्रत्येक अंड्याच्या आत ट्रायकोग्रामा चिलोनिस या परोपजीवी कीटकाचं पिल्लू वाढत असतं. बाहेर पडतो तो कीटक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. गांधीलमाशीच्या गणातला, पण माणसाला चावत नाही, पिकाला हात लावत नाही. मादी खोडकिडीची अंडी शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते. खोडकिडीची अळी जन्मायच्या आधीच संपते. आठ-दहा दिवसांत त्या अंड्यातून पुढचा ट्रायकोग्रामा बाहेर येतो.

आम्ही कार्डं घेतो ती आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून. तिथे जाऊन कार्ड कसं बनतं ते बघता येतं, आणि ज्याला जमेल त्यानं ते बघावंच. ज्वारीचा भरडा भरलेल्या टबांत कॉर्सिरा वाढवतात. अडीच किलो भरड्याला अर्धा सीसी अंडी, म्हणजे आठ-दहा हजार, असं ठरलेलं प्रमाण. मी तिथल्या ताईंना विचारलं, अंडी दुप्पट टाकली तर पतंगही दुप्पट मिळणार नाहीत का? त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम. थोडे जास्त मिळतात, पण बारके निघतात. बारका पतंग अंडी कमी देतो. टब तेवढाच, भरडा तेवढाच."

बेल्जियमच्या वेरहुल्स्टनं 1838 मध्ये गणितात मांडलं ते हेच. गर्दी वाढेल तशी वाढीची गती मंदावते आणि संख्या एका पातळीला जाऊन टेकते. त्या पातळीला पुस्तकात धारणक्षमता म्हणतात. ताईंनी पुस्तक न उघडता ती अडीच किलो भरड्यात मोजून ठेवली होती. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती दाराची दुहेरी जाळी. ब्रॅकॉन नावाचा दुसरा परोपजीवी कीटक आत शिरला तर तो कॉर्सिराच्या अळ्यांवर तुटून पडतो आणि टबच्या टब बसतात. म्हणजे एकाच खोलीत दोन्ही लगाम दिसतात, एक अन्नाचा आणि एक शत्रूचा. भरड्याचा लगाम हळूहळू आवळतो. ब्रॅकॉनचा एकदम बसतो.

आता शेतात येऊ, कारण कार्डाची खरी पारख तिथेच होते.

खोडकिडीची एक मादी तीनशेच्या घरात अंडी घालते. पानाच्या खाली, एकावर एक चढलेल्या ओळींत. अंड्यापासून पुन्हा पतंग व्हायला पाच-सहा आठवडे. फेब्रुवारीची लावण धरली तर मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवणं, होईपर्यंत तीन पिढ्या सहज बसतात. तीनशेतल्या निम्म्या माद्या धरा. एकही मेली नाही तर एका मादीच्या पुढच्या पिढीत पंचेचाळीस हजार अंडी, त्याच्या पुढे साडेसदुसष्ट लाख. फळ्यावरचा जे आकाराचा आलेख तो हा. पण रानात असं होत नाही. उसात खोडकीड दरवर्षी असते, तरी ऊस उभा राहतो. संख्या जिथल्या तिथे राहायची तर तीनशेतली फक्त दोन अंडी पतंग होईपर्यंत जगली पाहिजेत, एक नर, एक मादी. म्हणजे 298 मरतात, आपण बोटही न हलवता. ऊन मारतं, मुंग्या आणि कोळी मारतात, विषाणूचा रोग मारतो, स्टर्मिऑप्सिस नावाची माशी अळीवर वाढते आणि तिला संपवते. पोखरायला कोंब सापडला नाही म्हणूनही बाळअळ्या मरतात.

मग एखाद्या वर्षी कीड का वाढते? कारण दोनच्या जागी सहा जगल्या. एवढ्यानंच. सहा जगल्या की प्रत्येक पिढीत संख्या तिप्पट, तीन पिढ्यांत सत्तावीसपट. हे आकडे हिशेबापुरते माझे आहेत, पण हिशेब खरा आहे. आता समजा कार्डानं निम्मी अंडी मारली. सहाच्या जागी तीन जगल्या. पिढीला दीडपट, तीन पिढ्यांत साडेतीनपटीच्या आत. सत्तावीस आणि साडेतीन! निम्मी अंडी मेली म्हटल्यावर शेजारी म्हणतात, "निम्मी तर शिल्लकच की." त्यांना मी हे गणित वहीत मांडून दाखवते. अंडी संपवणं कार्डाकडून मागूच नका. वाढीचा वेग मोडणं मागा.

एक मेख मात्र सांगायला हवी, कारण कार्ड विकणारे ती सांगत नाहीत. निम्मी अंडी मेली म्हणजे मेलेले पोंगेही (कोंबाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळ्या) निम्मेच होतील असं नाही. उरलेल्या अळ्यांना कोंबांवर जागा जास्त मिळते, त्यांच्यातली आपसातली मर कमी होते. थोडी भरपाई कीड करून घेतेच. उलट बाजूनं भरपाई ऊसही करतो. सुरुवातीचा एखादा कोंब गेला की शेजारून फुटवे येतात. तशीही फुटव्यांची गर्दी शेवटपर्यंत टिकत नाही. सावली पडली की मागाहून आलेले आपोआप मरतात आणि एकरी चाळीस-पंचेचाळीस हजार पक्के ऊस मिळाले की आपण समाधानी असतो. धारणक्षमता टबात असते तशी सरीतही असते. त्यामुळे कार्डाचा निकाल पहिल्या महिन्यात लावू नये. मोठ्या बांधणीच्या वेळी उसाची संख्या मोजून लावावा.

आमच्या घरात हे लगेच पटलं नाही. पहिलं कार्ड लावून आठवडा झाला नसेल, मामांनी एक वाळलेला पोंगा उपटला. ओढल्याबरोबर हातात आला, बुडाला कुजका वास. "बघ गं पोरी, तुझ्या माश्या काय करत होत्या?" मी बुडातली अळी काढून दाखवली. ती कार्ड लावायच्या कितीतरी आधी अंड्यातून निघून कोंबात शिरली होती. ट्रायकोग्रामा फक्त अंड्यावर काम करतो. आत गेलेल्या अळीशी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून कार्ड पोंगे वाळलेले दिसल्यावर लावायचं नसतं. पोंगे हिरवे असताना लावायचं असतं.

ही वेळेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निसर्गात शिकारी नेहमी मागून येतो. आधी भक्ष्य वाढतं, ते खाऊन शिकारी वाढतो, मग भक्ष्य घटतं, मग शिकारी घटतो. ट्रायकोग्रामा आपल्या शिवारात मुळातच आहे, पण खोडकिडीची अंडी भरपूर झाल्याशिवाय त्याची संख्या वाढत नाही. तोवर पहिल्या पिढीच्या अळ्या कोंबात शिरलेल्या असतात. एरवी त्याची पिढी आठ-दहा दिवसांची, म्हणजे किडीच्या एका पिढीत त्याच्या चार बसाव्यात. पण मधल्या आठवड्यांत शेतात अंडीच नसतात, सगळी कीड अळी नाहीतर कोष होऊन बसलेली असते. माद्या अंडं शोधत शोधत मरतात. कार्ड विकत घेतो म्हणजे आपण ही पिछाडी भरून काढतो. शिकाऱ्याला भक्ष्याच्या आधी शेतात नेऊन बसवतो. आणि म्हणूनच एकदा सोडून भागत नाही, दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा सोडावं लागतं. "एकदा लावलं, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. त्यांचं सांगणं खरं असतं, एकदा लावून काही होतच नाही.

मामांना शेवटी पटलं ते माझ्या गणितानं नव्हे, लोकरी मावा या उसाचा रस शोषणाऱ्या किडीच्या आठवणीनं. 2002 च्या जुलैमध्ये तो महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसला तो आमच्याच सांगली जिल्ह्यात. माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते, त्या अंडीही घालत नाहीत, थेट पिल्लं टाकतात आणि ती पिल्लंही काही आठवड्यांत तेच करतात. पानांखाली पांढऱ्या लोकरीचा थर, वरच्या पानांवर गोड चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. मामा सांगतात, रानातून बाहेर आलं की सदरा पांढरा झालेला असायचा. बघता बघता तो कर्नाटकात आणि पुढे इतर राज्यांत गेला. डोक्यावर गेलेल्या उसात फवारायचं कसं? ज्यांनी फवारलं त्यांच्याकडे तो पुन्हा आला. आटोक्यात आणला तो डिफा नावाच्या अळीनं आणि मायक्रोमस या कीटकानं, दोघेही मावा खाणारे. डिफाच्या अळ्या असलेली पानं एका शेतातून काढून दुसऱ्या शेतात बांधत लोक फिरत होते, त्यात मामाही होते. "तेव्हा पानं बांधली, आता कागद बांधायचा," असं म्हणून त्यांनी स्टेपलर स्वतःच्या हातात घेतला.

फवारल्यावर कीड पुन्हा का येते, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी माशांच्या बाजारात सापडलं होतं. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली. उंबेर्तो द'अँकोना या इटालियन जीवशास्त्रज्ञानं बाजारातले आकडे बघितले तर त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं. त्याचे सासरे वीतो वोल्तेरा मोठे गणिती. त्यांनी 1926 मध्ये शिकारी आणि भक्ष्याची समीकरणं मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका हा अभ्यासकही स्वतंत्रपणे तिथंच पोचला होता. त्या समीकरणांतून निघालेला एक निष्कर्ष शेतकऱ्यानं पाठ करावा असा आहे: शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारखं मारणारी गोष्ट आली, तर सरासरीनं भक्ष्य वाढतं आणि शिकारी घटतो. जाळं समुद्रात हेच करत होतं. सगळ्या किडी मारणारं औषध उसात हेच करतं. त्यानं स्टर्मिऑप्सिस मरते, कोळी मरतात, कार्डातून निघालेला ट्रायकोग्रामा तर अर्ध्या मिलिमीटरचा जीव, तो आधी मरतो. खोडकिडीची अळी मात्र कोंबाच्या आत सुखरूप असते.

म्हणून पहिली अट: कार्ड लावायच्या आधी आणि नंतर निदान आठवडाभर फवारणी नाही. शेजाऱ्याशी बोलून घ्या, वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल तर नक्कीच.

बाकीच्या अटी अनुभवातून सांगते. कारखान्याच्या शेती विभागानं आम्हाला दिलेलं वेळापत्रक असं: लावणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं सुरुवात, एकरी एक कार्ड, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पाच-सहा वेळा. पट्ट्या एका कोपऱ्यात लावू नका. हा कीटक फार लांब उडत नाही, काही मीटरच, त्यामुळे पट्ट्या सगळ्या वावरात सारख्या विखुरल्या पाहिजेत. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. एप्रिलच्या दुपारी लावलेली पट्टी भाजून जाते. पानाच्या खालच्या बाजूलाच लावायची, वर लावली तर ऊन आणि वळवाचा पाऊस दोन्ही लागतात.

मुंग्या हा या वस्तूचा खरा शत्रू आहे. बांधाकडेच्या ओळींतल्या पट्ट्या संध्याकाळी लावून सकाळी बघितल्या तर अंडी साफ. आता आम्ही कीटक बाहेर पडायच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, शक्यतो आदल्या संध्याकाळी पट्ट्या लावतो आणि वारूळ जवळ असलेली ओळ सोडतो. तरी काही जातातच. पट्टीला मुंगी चढणार नाही अशी काही सोय प्रयोगशाळांनी करायला हवी, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

दुसरी तक्रार वाहतुकीची. एकदा प्रयोगशाळेत कार्डं शिल्लक नव्हती म्हणून एका खासगी विक्रेत्याकडून कुरिअरनं मागवली. पाकीट उघडलं तर कीटक आतच बाहेर पडून मेलेले, आणि कीटक निघण्याची तारीख कुठे लिहिलेलीच नाही. जिवंत वस्तूवर तारीख नसेल तर ती घेऊ नये, कितीही स्वस्त असो. घेताना कार्ड भिंगाखाली धरा. अंडी सगळी काळी आणि टपोरी हवीत. पांढरट अंडी जास्त दिसली तर त्यांत परोपजीवी नाही. अंड्यांना बारीक गोल भोकं दिसली तर कीटक निघून गेले. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि फार दिवस नव्हे.

उन्हाबद्दलही बोलायला हवं. सुरू उसाची खोडकीड सगळ्यात जास्त असते ती उन्हाळ्यातच, आणि ट्रायकोग्रामाला सोसत नाही तेही तेच ऊन. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनं जास्त तापमान सोसणारा वाण तयार केला आहे. प्रयोगशाळेत कार्ड मागताना तो आहे का, हे विचारा. मी विचारते. पाट फिरल्यानंतर एक-दोन दिवसांत कार्ड लावलं तर सरीत गारवा असतो, तेव्हाचा निकाल मला बरा दिसला.

निकाल तपासायचा कसा? खोडकिडीचे अंडीपुंज असलेली पानं तोडून घरी आणायची. अंडं आख्खं काळंभोर झालं तर आत ट्रायकोग्रामा. पांढुरक्या अंड्यात नुसता एक काळा ठिपका दिसला तर ते अळीचं डोकं, ती निघणार. पहिल्या सोडणीनंतर ठिपक्यांचीच अंडी जास्त होती. पुढे पुढे काळी वाढत गेली. माझ्या विद्यार्थ्यांनी ती पानं वर्गात भिंगाखाली बघितली आणि एका मुलीनं लगेच विचारलं, "मॅडम, सगळीच काळी झाली तर माश्या उद्या काय खाणार?" इतका नेमका प्रश्न आलेख काढून मला कधी मिळाला नव्हता. बांधणीच्या वेळी कार्ड लावलेल्या तुकड्यात वाळलेले पोंगे शेजारच्या तुकड्यापेक्षा डोळ्याला दिसतील इतके कमी होते, आणि सगळ्या सोडण्यांचा खर्च मिळून दाणेदार औषधाच्या एका मात्रेपेक्षा कमी आला.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो मुंग्यांसाठी आणि तारखेसाठी.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्याला फवारणी थांबवणं जमणार नाही त्यानं घेऊ नये. पोंगे आधीच मोठ्या प्रमाणात वाळलेत, त्यानं आता घेऊ नये, आधी वाळलेले पोंगे अळीसकट काढून नष्ट करावेत आणि बाळबांधणी लवकर उरकावी. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला, आम्ही कार्ड घेत नाही. तिथे पाचट न जाळता सरीत पसरून ठेवतो. त्यानं खोडकीड कमी राहते आणि कोळ्यांना, ढालकिड्यांना राहायला जागा मिळते. आडसालीत, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसात, प्रश्न कांड्या पोखरणाऱ्या कांडी किडीचा असतो, त्याला हाच ट्रायकोग्रामा चालतो, पण सोडण्या चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सुरू करायच्या.

आणि मागणी आयत्या वेळी नोंदवू नका. कॉर्सिराची एक पिढी टबात तयार व्हायला चाळीसेक दिवस लागतात, त्यावर परोपजीवी चढवायचे दिवस वेगळे. मार्चमध्ये कार्ड हवं असेल तर प्रयोगशाळेला डिसेंबर-जानेवारीतच एकर आणि लावणीची तारीख सांगून ठेवा. आमची यंदाची मागणी मामांनी स्वतः जाऊन नोंदवली आहे.